रसेलच्या चित्रांची राखण

अमेरिकेच्या मोन्टाना राज्यात मिसुरी नदीच्या काठी ग्रेट फॉल्स नावाचं साठेक हजार वस्तीचं शहर आहे. चार्ल्स मेरियन रसेल हा गुराखी इथे राहून चित्रकार म्हणून नावारूपाला आला आणि १९२६ साली इथेच वारला. त्याचं १९०० सालचं घर, १९०३ सालचा स्टुडिओ आणि त्याच्या नावाचं संग्रहालय, सगळं एकाच आवारात आहे. बघायला येणाऱ्याला संग्रहालयाचा दिवस दार उघडल्यापासून बंद होईपर्यंतच दिसतो. संग्रह सांभाळणाऱ्यांचा त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. अशा संग्रहालयांत जी कामं रोज चालतात, ती इथे हिवाळ्यातल्या एका दिवसात मांडली आहेत.

सकाळी साडेसात

पहिलं काम आकडे बघायचं. दालनांतलं तापमान आणि हवेतला दमटपणा रात्रभर नोंदला जातो. आलेख सरळ दिसला की जिवात जीव येतो. कॅनव्हास, त्यावरचा अस्तराचा थर आणि रंग हे तिन्ही दमट हवेत सारखे फुगत नाहीत नि कोरड्या हवेत सारखे आक्रसत नाहीत. ओढाताण वाढली की रंगाला भेगा जातात, पापुद्रे सुटतात. आकडा अमुकच हवा, यापेक्षा त्यानं एकदम उडी मारू नये, ही काळजी मोठी.

आणि गाव कसलं, तर उड्या मारणाऱ्या हवेचं. रॉकी पर्वत उतरून चिनूक नावाचा उबदार, कोरडा वारा येतो आणि थंडीचा नूरच पालटतो. ११ जानेवारी १९८० रोजी ग्रेट फॉल्समध्ये सात मिनिटांत पारा उणे ३६ वरून उणे ९ अंश सेल्सिअसवर गेला होता. गंमत अशी, की रसेलचं नाव पहिल्यांदा लोकांच्या तोंडी झालं ते याच वाऱ्याच्या चित्रामुळे. १८८६-८७ च्या हिवाळ्यात मोन्टानात गुरं पटापट मेली. मालकानं कळपाची खुशाली विचारली, तेव्हा उत्तर म्हणून रसेलनं काढलेलं पोस्टकार्डाएवढं चित्रच गेलं: बर्फात उभा, हाडांचा सापळा झालेला बैल आणि त्याच्यावर टपलेले लांडगे. नाव ‘वेटिंग फॉर अ चिनूक’. चित्रातला बैल ज्या वाऱ्याकडे डोळे लावून बसलाय, त्याचीच संग्रहालयाला धास्ती.

साडेआठ

दालनांतून फेरी. हातात प्रकाश मोजायचं छोटं यंत्र. तैलचित्रांना दोनशे लक्स चालतात, जलरंग आणि कागदाला पन्नासच्या आसपास. रसेल मित्रांना पत्रं लिहायचा आणि समासात, मजकुरात जलरंगांनी घोडे, माणसं रंगवायचा. ही पत्रं संग्रहातली सर्वांत लाडकी आणि सर्वांत नाजूक. उडालेला रंग परत येत नाही. आज पडलेला उजेड कालच्या उजेडात जमा होत जातो. म्हणून काही महिने भिंतीवर राहिलेलं पत्र खाली उतरवून अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला जातं. ‘मागच्या वेळी होतं ते पत्र कुठं गेलं?’ असं विचारणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं.

साडेनऊ

स्टुडिओत चक्कर. हे लाकडी खोपट टेलिफोनच्या खांबांसाठी असलेल्या देवदारी सोटांचं आहे. भल्या घरांच्या वस्तीत असं ओबडधोबड काही उभं राहताना शेजारीपाजारी काय म्हणतील, म्हणून रसेल आधी ओशाळला होता. शेजारच्या ट्रिग यांनी येऊन कौतुक केलं, तेव्हा कुठे तो खुलला. पुढे त्याची गाजलेली चित्रं इथेच झाली. खोगिरं, कातडी कपडे, मण्यांचं काम, असा सगळा सरंजाम तो समोर ठेवून रंगवायचा.

लोकर, कातडं, पिसं म्हणजे कसरीला मेजवानी. कोपऱ्यांत, कपाटांखाली चिकट कागदाचे सापळे मांडलेले असतात. एकेक उचलून भिंगाखाली धरायचा. डास, कोळी असले तर नोंद करून पुढे. पण तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, केसाळ अळी दिसली की सकाळची बाकीची कामं बाजूला. जवळची प्रत्येक वस्तू तपासायची, संशय आला ती पिशवीत हवाबंद करून गोठवायची.

दहा

दार उघडतं. चित्रांची ओळख करून देणारे बहुधा निवृत्त, हौशी स्वयंसेवक असतात. पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न: हे सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलंय का? उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. रसेल १८८० मध्ये सोळाव्या वर्षी सेंट लुइसहून मोन्टानात आला. पुढे अकरा वर्षं त्यानं गुराख्याची नोकरी केली, तीही बरीचशी रात्रपाळीची. रात्री जनावरांची राखण, दिवसा चित्रं. पण गव्यांचे अफाट कळप तेव्हा संपतच आले होते, आणि मूळ रहिवाशांच्या शिकारी तो बहुतेक ऐकीव गोष्टींतूनच रंगवत होता. सहीशेजारी तो गव्याची कवटी काढायचा. १९११ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरलं, त्याचं नावच ‘सरून गेलेला पश्चिम’ अशा अर्थाचं होतं.

बारा

जेवणाचा डबा उघडावा तोच निरोप येतो: बाहेर एक जोडपं आलंय, आजोबांकडचं रसेलचं अस्सल चित्र घेऊन. किंमत सांगणं संग्रहालयाचं काम नाही, हे आधी नम्रपणे सांगायचं. मग भिंग लावायचं. हातानं रंगवलेल्या जलरंगात रंग कागदाच्या खळग्यांत साचलेला दिसतो, कडांना गडद होतो. इथे दिसतात ओळीनं मांडलेले बारीक ठिपके, म्हणजे छापील प्रत. ब्राऊन अँड बिगेलो या कंपनीनं रसेलच्या चित्रांची कॅलेंडरं घरोघरी पोचवली होती; त्यातलंच पान कुणीतरी मायेनं चौकटीत बसवलेलं. भिंग त्यांच्याच हातात द्यावं. स्वतः पाहिलं की माणसं लवकर मान्य करतात.

दोन

कागदपत्रांचा तास. मूळ रहिवाशांचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत देण्याचा कायदा १९९० चा. जानेवारी २०२४ पासूनच्या नव्या नियमांनी, केंद्राचा निधी घेणाऱ्या संग्रहालयांना अशा वस्तू मांडण्याआधी जमातीची संमती घ्यावी लागते. पूर्वी ‘चित्रकाराचं सामान’ एवढ्या नोंदीवर भागत असे. आता वस्तू कुणाची, कशासाठी, रसेलच्या हाती कशी आली, हे जमातीच्या जाणत्यांना विचारायचं. ग्रेट फॉल्समध्येच लिटल शेल चिपेवा जमातीचं कार्यालय आहे; केंद्राची मान्यता त्यांना २०१९ च्या अखेरीस मिळाली. भूमिहीन चिपेवा आणि क्री लोकांना जमीन मिळावी, या मागणीला खुद्द रसेलचा पाठिंबा होता. १९१६ मध्ये रॉकी बॉय राखीव प्रदेश मिळाला. तेव्हा ‘रसेलला चाललं असतं का?’ हा प्रश्न इथे फार अडवत नाही.

पाच

दारं बंद. मोजणी, कुलपं, धोक्याच्या घंटा चालू. शेवटी नोंदवही.

हा खटाटोप या गावाला का कळतो, त्यामागे इतिहास आहे. इथल्या मिंट नावाच्या गुत्त्यात रसेलच्या कामांचा मोठा संग्रह होता. तो मोन्टानातच राहावा म्हणून झालेले प्रयत्न फसले आणि १९५२ साली टेक्सासच्या अमॉन कार्टर यांनी तो विकत घेतला. आज तो फोर्ट वर्थला आहे. त्याच सुमाराला शेजारच्या ट्रिगांची मुलगी जोसेफिन वारली. तिनं आपल्याकडची रसेलची चित्रं गावाला दिली, पण ती ठेवायला जागा बांधाल तरच, या अटीवर. १९५३ मध्ये दालन उघडलं. बाईंनी नुसती चित्रं दिली असती तर कौतुकाचा ठराव होऊन ती कुठल्याशा कपाटात गेली असती. त्यांनी अट घातली, म्हणून गावाला छप्पर बांधावं लागलं, आणि छपरापाठोपाठ सापळे तपासायला पगारी माणूसही ठेवावा लागला.