वर्षाचे वाचन आणि कृष्णेचा काठ

वर्षभर ज्याने त्याने आपल्या सवडीने केलेले वाचन समानशील स्नेह्यांच्या चर्चेत जोवर पारखून निघत नाही, तोवर ते बव्हंशी निव्वळ संचयच राहते. आणि या पारखणीसाठी नदीकाठचा निवांत मुक्काम हवा असेल, तर वाईइतके समर्पक स्थान क्वचितच आढळेल. कृष्णेच्या घाटांवर वसलेल्या या गावी केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेने शास्त्राध्ययनाची परंपरा जोपासली, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली येथूनच सिद्ध झाला. जवळच्या मेणवलीस, पेशवाईच्या कारभाराचे दप्तर ज्याने दीर्घकाळ सांभाळले, तो नाना फडणिसांचा वाडा नदीच्या घाटालगतच उभा आहे; आणि पाचगणीनजीकच्या भिलारने २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून घरोघरी ग्रंथ मांडले आहेत.

अशा ठिकाणी मित्रांनी जमावे, प्रत्येकाने वर्षातील एकच ग्रंथ निवडून त्याची कैफियत मांडावी व इतरांनी त्याची उलटतपासणी घ्यावी, असा शिरस्ता पडल्यास आवडीनिवडीची कारणे शोधावी लागतात आणि वाचनास आपोआप शिस्त येते. पावसाळ्यात नदी घाटावर चढते, म्हणून मुक्कामास हिवाळा बरा. टिपणे मात्र वर्षारंभापासूनच ठेवावीत.