बॉस्टनचा दाढीवाला न्यूयॉर्कला जातो
अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण केलेला खेळाडू करार संपताच कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळा होतो, आणि या मोकळिकीस 'फ्री एजन्सी' म्हणतात. 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निवाडा देईपर्यंत 'रिझर्व्ह क्लॉज' या कलमाच्या आधारे संघमालक खेळाडूला वर्षानुवर्षे बांधून ठेवत, त्यामुळे आवडता खेळाडू सोडून गेल्याचे दुःख प्रेक्षकांच्या वाट्याला येई ते बहुधा मालकाने त्याला विकल्यामुळे किंवा बदलीत दिल्यामुळे.

त्या निवाड्यानंतर मात्र खेळाडू स्वतःच्या निवडीनेही संघ सोडू लागले, जसा जॉनी डेमन. हा बॉस्टन रेड सॉक्सचा सेंटर फील्डर, म्हणजे मैदानाच्या मागील भागात मधोमध उभा राहून उंच व लांब टोले झेलणारा क्षेत्ररक्षक. 2004 च्या बाद फेरीतील मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्याने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध 'ग्रँड स्लॅम', म्हणजे तिन्ही बेसवर धावपटू असताना मारलेला चार धावांचा टोला, लगावला होता. डिसेंबर 2005 मध्ये बॉस्टनने चार वर्षांसाठी सुमारे 4 कोटी डॉलर देऊ केले असता त्याने त्याच यांकीजचे 5 कोटी 20 लाख स्वीकारले आणि त्या संघाच्या तत्कालीन नियमानुसार खांद्यावर रुळणारे केस व दाढीही उतरवली. बत्तीस वर्षांच्या खेळाडूचे पाय पुढे मंदावणार, हा बॉस्टनचा हिशेब व्यवहाराला धरून होता. परंतु मे 2006 मध्ये तो बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर परतला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि त्याने त्यांना हेल्मेट उंचावून अभिवादन केले.