धनत्रयोदशीच्या रात्री, दक्षिणेकडे

मार्च २०२२ चा पहिला आठवडा. कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावर एक रशियन सोयुझ रॉकेट उड्डाणासाठी सज्ज होतं. त्याच्या टोकाशी उपग्रहांतून इंटरनेट देणाऱ्या ‘वनवेब’ या कंपनीचे ३६ उपग्रह होते आणि वरच्या पांढऱ्या कवचावर कंपनीशी नातं असलेल्या देशांचे झेंडे. युक्रेनमधलं युद्ध सुरू होऊन आठवडाच झाला होता. त्याच दिवसांत रशियन अवकाश संस्थेच्या प्रमुखांनी एक चित्रफीत जगासमोर ठेवली. तीत कामगार वर चढून ब्रिटन, अमेरिका आणि जपानचे झेंडे झाकत होते. आपला तिरंगा त्यांनी तसाच ठेवला.

सोबत दोन अटी आल्या: हे उपग्रह लष्करी कामासाठी वापरणार नाही याची हमी द्या, आणि ब्रिटिश सरकारने कंपनीतला आपला हिस्सा विकावा. ३ मार्चला वनवेबच्या संचालकांनी बैकोनूरची सगळी उड्डाणं थांबवली. दुसऱ्या दिवशी रॉकेट उड्डाणमंचावरून उतरवण्यात आलं. उपग्रह तिथेच अडकले. पुढे कंपनीने या सगळ्या प्रकरणापोटी सुमारे २२.९ कोटी डॉलर बुडीत खाती टाकले.

या कंपनीचं गाव कोणतं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर एका शब्दात सांगता आलं नसतं. कचेरी लंडनमध्ये. २०२० साली ती दिवाळखोरीत गेली, तेव्हा ब्रिटिश सरकार आणि सुनील मित्तल यांच्या भारती उद्योगसमूहाने प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून तिला उभं केलं. नंतर जपानची सॉफ्टबँक, फ्रान्सची युटेलसॅट, दक्षिण कोरियाची हान्व्हा अशा कंपन्यांचे पैसे आले. उपग्रह जुळवायचा कारखाना फ्लोरिडात, तोही युरोपच्या एअरबसशी भागीदारीत. ते वर नेण्याचं कंत्राट फ्रान्सच्या एरियानस्पेसकडे आणि रॉकेट रशियाचं. इतक्या लांबलचक साखळीची एक कडी तुटली.

अशी साखळी अर्ध्यावर तुटणं फार महागात पडतं. वनवेबचे उपग्रह सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवरून, जवळजवळ ध्रुवांवरून फिरतात. जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यावरून एक उपग्रह काही मिनिटांत निघून जातो. तो क्षितिजाकडे कलायच्या आत मागच्याने इंटरनेटचा धागा हातात घ्यायला हवा. म्हणजे माळेत मणी कमी असले की सेवेत खंड पडणार. ठरलेल्या ६४८ पैकी तोवर ४२८ उपग्रह वर गेले होते. उरलेल्यांना वाहन नव्हतं.

कंपनीने दोन दारं ठोठावली. पहिलं अमेरिकेच्या स्पेसएक्सचं. तिची ‘स्टारलिंक’ याच धंद्यातली थेट प्रतिस्पर्धी, तरी तिने उड्डाणं द्यायचं कबूल केलं. दुसरं दार आपलं. इस्रोची व्यापारी कंपनी न्यूस्पेस इंडिया लिमिटेडशी झालेला करार २० एप्रिल २०२२ रोजी जाहीर झाला. रॉकेट ठरलं एलव्हीएम-३. साडेत्रेचाळीस मीटर उंचीचं आणि ६४० टनांचं हे रॉकेट तोवर परक्या गिऱ्हाईकासाठी एकदाही उडालं नव्हतं.

या रॉकेटची वंशावळ मला फार मोलाची वाटते. त्याच्या मधल्या टप्प्यात दोन ‘विकास’ इंजिनं असतात. त्यांचं मूळ फ्रान्सच्या ‘वायकिंग’ इंजिनात. १९७४ साली फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी करार झाला, तेव्हा आपण पैशांऐवजी माणसं दिली: शंभर मनुष्यवर्षांचं काम. नंबी नारायणन यांच्यासह आपले अभियंते व्हर्नाँ इथे राहिले, फ्रेंच लोकांच्या खांद्याला खांदा लावून राबले आणि विद्या घेऊन परत आले. आज ही इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही बनतात. दोन्ही बाजूंना जे जाड घन इंधनाचे बूस्टर दिसतात, त्यांच्या पोलादी आवरणाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडतात. सभोवती उसाचं रान आणि मध्ये अग्निबाणाचं पोलाद.

सगळ्यात वरच्या टप्प्याची कथा वेगळी आहे. उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन जाळणारं क्रायोजेनिक इंजिन आपल्याला रशियाकडून, तंत्रज्ञानासकट, मिळणार होतं. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉसवर निर्बंध लादले. पुढच्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला आणि फक्त तयार इंजिनं दिली. मग आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून, अपयशं पचवून ही विद्या स्वतः कमावली. एलव्हीएम-३ वरचं सीई-२० हे इंजिन पूर्ण इथलं आहे. तीस वर्षांनी रशियाने फ्लोरिडात जुळवलेले उपग्रह अडवले आणि उरलेल्यांतले काही वर नेण्याचं काम या इंजिनाकडे आलं. देशोदेशींच्या सहकार्यामागे निव्वळ सद्भाव असतो, असं मला वाटत नाही. तुमच्या हातात काहीतरी चालणारं असेल तर लोक तुमच्या दारी येतात.

पृथ्वीची छायाचित्रं टिपणाऱ्या कंपन्यांच्या व्यवहारात ही ये-जा याआधीच सुरू झाली होती. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्हीने एका फेरीत १०४ उपग्रह सोडले. त्यातले ८८ सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘प्लॅनेट’ कंपनीचे होते. एवढ्याशा पेटीएवढे हे ‘डव्ह’ उपग्रह शेतं, धरणं, जंगलं रोज टिपण्यासाठी बनवलेले. अमेरिकेत बनलेला उपग्रह आपल्या रॉकेटवर चढवायचा तर तिथल्या सरकारची परवानगी लागते. त्यासाठीचा तंत्रज्ञान-सुरक्षेचा करार २००९ मध्ये झाला होता. आता वाट उलट दिशेनेही वाहते. बंगळुरूच्या ‘पिक्सेल’ कंपनीचे, प्रकाशाच्या शंभराहून अधिक छटा वेगळ्या टिपणारे पहिले तीन ‘फायरफ्लाय’ उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातून स्पेसएक्सच्या रॉकेटवर गेले.

करारावर सही झाली तरी काम संपत नाही. सोयुझसाठी बेतलेला उपग्रह दुसऱ्या रॉकेटवर बसवायचा, तर त्या रॉकेटचा हादरा, आवाज, ताप त्याला सोसेल का हे नव्याने तपासावं लागतं. ज्या खांबाभोवती उपग्रह अडकवलेले असतात, तो तळाशी नीट बसायला हवा. फ्लोरिडाहून मालवाहू विमानाने उपग्रह चेन्नईला आले आणि तिथून रस्त्याने श्रीहरिकोट्याला. करार जाहीर झाल्यापासून सहा महिन्यांत उड्डाण ठरलं.

२२ ऑक्टोबर २०२२, शनिवार, धनत्रयोदशी. आमच्याकडे त्या संध्याकाळी यमदीपदान असतं: कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडे. दिवा विझल्यावरही मी जागा होतो. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी श्रीहरिकोट्याच्या काळोखात एलव्हीएम-३ पेटलं. फोनचा पडदा क्षणभर पांढराफटक झाला. श्रीलंकेवरून जाऊ नये म्हणून रॉकेट समुद्रावरून वळसा घेत दक्षिणेकडे निघालं.

सुमारे ६०० किलोमीटर उंचीच्या पहिल्या, तात्पुरत्या कक्षेत, क्रायोजेनिक इंजिन शांत झाल्यावर, खरी नजाकतीची कामगिरी सुरू झाली. तो टप्पा हलकेच वळायचा, चार उपग्रह सोडायचा आणि ते दूर सरेपर्यंत थांबायचा. पुन्हा वळायचा, पुढचे चार. असं नऊ वेळा. एकालाही दुसऱ्याचा धक्का लागता कामा नये.

सोळा उपग्रह सुटल्याचं कळलं. पुढच्या वीस उपग्रहांच्या वेळी तो टप्पा जमिनीवरच्या केंद्रांच्या नजरेआड गेला होता. नियंत्रण कक्षात टाळ्या झाल्या, हस्तांदोलनं झाली. पण पडद्याकडे बघणारे काही जण जागचे हलत नव्हते. मीही फोन खाली ठेवला नाही.

मग बातमी आली. छत्तीसच्या छत्तीस, ठरल्या जागी.