जुलाब, जंतूंचे विष आणि मीठ-साखरेचे पाणी

‘पाणी पाजलं की जुलाब वाढतात, म्हणून रात्रीपासून काही दिलं नाही,’ असे सांगत नातवाला खांद्यावर टाकून आणणारी आजी दर पावसाळ्यात एक तरी भेटतेच. मूल मलूल, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. खालून पाणी जात असेल तर वरून देणे थांबवावे, हा हिशेब वरकरणी बरोबर वाटतो. तो का चुकतो हे समजायचे तर आतड्यात काय घडते ते पाहिले पाहिजे. आणि ते उलगडण्यात मोठा वाटा एका भारतीय डॉक्टरचा आहे.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याचा, म्हणजे आपल्या जुन्या पटकीचा, जंतू वेगळा काढला. हा जंतू एखादे विष सोडत असावा, असा त्यांचा तर्क होता. पण पुढे पाऊणशे वर्षे ते विष कोणाला निश्चित दाखवता आले नाही. कलकत्त्यातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शंभुनाथ दे यांनी सरळ विचार केला. रोग आतड्याचा आहे, तर परीक्षाही आतड्यातच घ्यावी. त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू वाढवलेले द्रावण गाळून घातले. त्यात एकही जंतू उरलेला नव्हता. तरीही तो तुकडा पाण्याने टम्म फुगला! जंतू नसताना पाणी ओढले गेले, याचा अर्थ ते काम विषाचे. हा शोध १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगाने त्याची दखल घेतली. आपल्या देशात मात्र डॉ. दे यांचे नाव १९८५ साली त्यांचे निधन होईपर्यंत फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

हे विष काम कसे करते? त्याच्या एका कणाचे सहा भाग असतात. पाच भाग आतड्याच्या पेशीला घट्ट धरतात आणि सहावा आत शिरतो. आत गेल्यावर तो पेशीतील एक कळ चालू स्थितीत अडकवून टाकतो. मग पेशी क्षार बाहेर टाकत राहते व त्यामागे पाणी जाते. नळ उघडा राहावा तसा प्रकार. तीव्र कॉलऱ्यात मोठ्या माणसाचे तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. ई. कोलाय जंतूच्या काही जाती जवळजवळ अशाच विषाने जुलाब घडवतात. त्या आपल्याकडे कॉलऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतात.

आता खरी मेख. हे विष आतड्याचे अस्तर जाळत नाही. बाहेर जाणारा नळ उघडा राहतो, पण आत घेणारी एक वाट शाबूत असते. त्या वाटेने साखर आणि मिठातील सोडियम जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी शोषले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली मांडली. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसती साखरही नाही. दोन्हींचे प्रमाण जमावे लागते.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले. सलाईनची बाटली टांगल्याशिवाय उपचार झाला असे न मानणाऱ्या मंडळींना मी ही हकिकत आवर्जून सांगतो.

घरी काय करावे? औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी आणावी व पुडीवर लिहिले आहे तेवढ्याच, बहुधा १ लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात सबंध विरघळवावी. अर्धी पुडी, अंदाजे पाणी असे करू नये. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात साखरेचे ६ सपाट चमचे व मिठाचा अर्धा चमचा, चमचा चहाचा. द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध व नेहमीचे जेवण चालू ठेवावे. मुलाला झिंक किती दिवस द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

फळांच्या चवीची गोड पेये ओआरएस म्हणून पाजू नयेत. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते योग्यच झाले.

मूल पिईनासे झाले, सुस्त पडले, सहा तास लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू सपाट झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये. दवाखान्यात नेताना वाटेतही द्रावण पाजत राहावे.