ऊर्जा-एककांचे परिवर्तन

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. यांत्रिक, औष्णिक, विद्युत्, रासायनिक, अणुकेंद्रीय इ. तिचे प्रकार होत. या प्रकारांचा अभ्यास प्रारंभी स्वतंत्रपणे झाल्यामुळे त्यांच्या मापनासाठी भिन्न एकके रूढ झाली. एका एककात व्यक्त केलेली ऊर्जा, तिचे परिमाण न बदलता, दुसऱ्या एककात मांडण्याच्या क्रियेस एकक-परिवर्तन म्हणतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : उष्णता हा एक वजनरहित द्रायू आहे, असे मत अठराव्या शतकात प्रचलित होते. त्यानुसार उष्णतेचे एकक व कार्याचे एकक यांत संबंध असण्याचे कारणच नव्हते. काउंट रम्फर्ड यांनी १७९८ मध्ये तोफांना छिद्रे पाडताना घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेकडे लक्ष वेधले. जूलिउस रोबेर्ट मायर यांनी १८४२ मध्ये उष्णता व कार्य यांच्या सममूल्यतेची कल्पना मांडली. जेम्स प्रेस्कॉट जूल (१८१८–८९) यांनी खाली येणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यात वल्ही फिरवून तापमानातील वाढ मोजली. १ पौंड पाण्याचे तापमान १° फॅ.ने वाढविण्यास ७७२ फुट-पौंड कार्य लागते, असा निष्कर्ष त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केला. आधुनिक मूल्य सु. ७७८ आहे. वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने १९४८ मध्ये उष्णतेसाठीही जूल हेच एकक स्वीकारले.

प्रमुख एकके : १ न्यूटन प्रेरणेने तिच्या दिशेत १ मी. विस्थापन झाल्यास घडणारे कार्य म्हणजे १ जूल होय. १ जूल = १ कोटी अर्ग; १ फुट-पौंड = १·३५६ जूल; १ ब्रिटिश औष्णिक एकक = १,०५५ जूल (सु.); १ किलोवॉट-तास = ३६ लक्ष जूल. विजेच्या देयकातील ‘युनिट’ ते हेच. कॅलरीची मात्र एकाहून अधिक मूल्ये प्रचारात आहेत. रसायनशास्त्रात ४·१८४ जूल, तर वाफेच्या आंतरराष्ट्रीय कोष्टकांत ४·१८६८ जूल हे मूल्य वापरतात. आहारशास्त्रात बोलण्यात येणारी ‘कॅलरी’ वस्तुतः किलोकॅलरी असते. अणुकेंद्रीय भौतिकीतील इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक १·६०२ × (१० चा −१९ वा घात) जूल एवढे असून २०१९ पासून त्याचे मूल्य व्याख्येनेच निश्चित झाले आहे.

पद्धती : दिलेली राशी प्रथम जुलात मांडून नंतर इष्ट एककाच्या जूल-मूल्याने भागणे सोयीचे असते. उदा., २,००० किलोकॅलरी आहार म्हणजे सु. ८,३७० किलोजूल, यास ३,६०० ने भागल्यास सु. २·३ किलोवॉट-तास येतात. किलोवॉट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जाव्ययाच्या त्वरेचे, एकक असल्याने त्याचे ऊर्जा-एककात परिवर्तन कालावधी ठाऊक असल्याखेरीज करता येत नाही. १०० वॉटचा दिवा १० तास व १,००० वॉटची शेगडी १ तास चालविल्यास ऊर्जाव्यय सारखाच, म्हणजे १ युनिट होतो.

एकक-परिवर्तन व ऊर्जा-रूपांतर : या दोन गोष्टी भिन्न आहेत. दर किलोग्रॅमला ४,००० किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या १ किग्रॅ. कोळशातील ऊर्जा सु. ४·६५ किलोवॉट-तास भरते. तथापि ३५ टक्के कार्यक्षमतेच्या औष्णिक विद्युत् केंद्रात त्यापासून सु. १·६ किलोवॉट-तास वीजच मिळते. उष्णतेचे कार्यात संपूर्ण रूपांतर करणारे चक्रीय एंजिन ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार अशक्य असल्याने उरलेली बहुतेक ऊर्जा शीतक पाण्यावाटे व धुराड्यातील वायूंवाटे निघून जाते. परिवर्तनाचा गुणक ऊर्जेची राशी दर्शवितो, उपयुक्तता नव्हे. यामुळे इंधनांची व विजेची तुलना करताना आकडा इंधनातील ऊर्जेचा आहे की निर्माण झालेल्या विजेचा, हे नमूद करणे आवश्यक असते; अन्यथा गणित अचूक असूनही निष्कर्ष जवळजवळ तिपटीने चुकू शकतो.