भिंतीची रेघ नेमकी कुठून?

अमेरिकेत एखादे घर विकले जाते, त्यावर गृहकर्ज मागितले जाते किंवा त्याची मालमत्ता कराची आकारणी होते, तेव्हा त्या घराचे क्षेत्रफळ हा पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया असतो. हे क्षेत्रफळ ठरवण्यासाठी बँकेच्या कामावरचा व्हॅल्युअर किंवा कर आकारणाऱ्या काउंटीचा, म्हणजे साधारण जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचा, कर्मचारी घराभोवती प्रत्यक्ष फिरून मापे घेतो आणि त्यांवरून घराचा रेखाटन-नकाशा काढतो. वास्तुविशारदाचा नकाशा बांधायच्या घराचा असतो, तर हा नकाशा उभ्या घराचा असतो. त्यात तुळया, नळ, विजेच्या जोडण्या यांना जागा नसते आणि बाहेरच्या भिंतींची रेघ, मजले, गॅरेज, व्हरांडा एवढ्यावर त्याचे काम भागते. पूर्वी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने होणारे हे काम आता टॅब्लेटवर ‘प्रॉपर्टी स्केचिंग’ सॉफ्टवेअरने होते आणि ते शिकू पाहणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते की बटणे फार थोडी आहेत. अवघड भाग बटणांच्या अलीकडे, भिंतीपाशी उभे राहून घ्यायच्या निर्णयांत आहे.

सॉफ्टवेअरची रीत साधी आहे. घराचा एक कोपरा आरंभबिंदू मानायचा, दिशा द्यायची, अंतर टंकायचे, की भिंतीची एक रेघ पडद्यावर उमटते. तिच्या टोकापासून पुढची दिशा आणि पुढचे अंतर द्यायचे, आणि असे करत घराला पूर्ण फेरा घालून पुन्हा आरंभबिंदूवर यायचे. करनिर्धारणाच्या अनेक संगणकप्रणालींत हा नकाशा चित्राच्या रूपाने साठवलेलाच नसतो. ‘उजवीकडे ४०, वर २०, डावीकडे १५’ अशा अर्थाची अक्षरे आणि अंक यांची एक ओळ तेवढी ठेवलेली असते आणि नकाशा उघडताना तिच्यावरून आकृती नव्याने काढली जाते. रेघ काढणे म्हणजे संगणकाला शाईचा ठिपका न देता नियम देणे, ही कल्पना याहून जुनी आहे. एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली पीएच.डी.साठी तयार केलेल्या ‘स्केचपॅड’ या कार्यक्रमात प्रकाशलेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेघा ओढाव्यात आणि त्या समांतर असाव्यात किंवा काटकोनात मिळाव्यात हे सांगितल्यावर यंत्राने त्या तशा जुळवून घ्याव्यात, अशी सोय होती. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरकी ओढलेली रेघ आपोआप सरळ होते, तिचे मूळ तिथे आहे.

फेरा पूर्ण झाला की क्षेत्रफळ क्षणात दिसते, आणि त्यामागचे गणित कागदावर करून पाहण्याजोगे आहे. समजा, घर इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे आहे: पुढची भिंत पूर्वेकडे ४० फूट, तिथून उत्तरेकडे २०, मग पश्चिमेकडे १५, पुन्हा उत्तरेकडे १५, पश्चिमेकडे २५ आणि शेवटी दक्षिणेकडे ३५ फूट येऊन आरंभबिंदू. प्रत्येक कोपऱ्याला पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे अंतर अशा दोन संख्या मिळतात. एका कोपऱ्याची पहिली संख्या पुढच्या कोपऱ्याच्या दुसरीने गुणायची, तिच्यातून उलट दिशेचा तिरका गुणाकार वजा करायचा, असे सर्व कोपऱ्यांपाशी करून बेरीज घ्यायची आणि तिचे अर्धे करायचे. या घराची बेरीज २३५० येते आणि क्षेत्रफळ ११७५ चौरस फूट. तिरक्या गुणाकारांच्या मांडणीमुळे या सूत्राला बुटाच्या नाडीचे नाव पडले आहे. जर्मन गणितज्ञ माइस्टर यांनी ते १७६९ साली मांडले, तरी प्रसिद्धी बहुधा गाऊस यांच्या नावाने झाली. घराचे तुकडे पाडून आयत मोजण्याची गरज यामुळे उरत नाही, कारण कडेने फिरणेच पुरते. याकोब आम्सलर यांचे १८५४ चे प्लॅनिमीटर हे यंत्रही नकाशाच्या कडेवरून सुई फिरवून आतले क्षेत्रफळ देत असे, आणि ते याच तत्त्वाचे यांत्रिक रूप होते.

कडेने फिरण्याचा आणखी एक लाभ असा, की पूर्वेकडे गेलेली सर्व अंतरे पश्चिमेकडे गेलेल्या अंतरांइतकी आणि उत्तरेकडची दक्षिणेकडच्यांइतकी भरली नाहीत, तर आकृती बंद होत नाही आणि चूक डोळ्यांना दिसते. नवशिक्याचा सगळा विश्वास या तपासणीवर बसतो आणि नेमका तिथेच तो फसतो. वरच्या घरात पश्चिमेकडचे १५ फुटांचे माप चुकून १६ टंकले गेले, तर शेवटी एक फुटाची फट राहते. पण ती फट कोणत्या भिंतीमुळे पडली हे आकृतीला ठाऊक नसते. पंधराचीच भिंत सुधारली तर ११७५ चौरस फूट हे खरे उत्तर मिळते; मागची २५ फुटांची भिंत २४ केली तरी आकृती बंद होते आणि क्षेत्रफळ ११६० होते; पुढची ४० ची ४१ केली तरीही बंद होते आणि ११९५ येते. एकाच फुटाच्या फटीतून ३५ चौरस फुटांचा फरक निघतो, आणि तिन्ही आकृत्या पडद्यावर सारख्याच नीटस दिसतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे आतला कोपरा झुडपांआड असल्यामुळे त्याची जागा एक फूट सरकून धरली गेली, तर १५ चे १६ आणि २५ चे २४ होऊन दोन चुका एकमेकींना झाकतात. फट पडतच नाही आणि ११६० हे चुकीचे उत्तर बिनतक्रार स्वीकारले जाते. आकृती बंद झाली याचा अर्थ मापे परस्परांशी जुळली, एवढाच. ती घराशी जुळली की नाही, हे त्यावरून कळत नाही.

अनेक सॉफ्टवेअरमध्ये उरलेली फट आपोआप बुजवण्याची सोय असते आणि तिचा मोह मोठा असतो. जमिनीच्या मोजणीत अशा वाटपाला शास्त्रीय आधार आहे: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी गणितज्ञ नॅथानिएल बाउडिच यांनी दिलेल्या नियमानुसार शेवटी उरलेली तफावत प्रत्येक बाजूच्या लांबीच्या प्रमाणात सगळ्या बाजूंवर वाटून टाकतात, कारण उघड्या रानात प्रत्येक मापात थोडी थोडी अटळ चूक साचत जाते असे तिथे गृहीत असते. घराच्या मापात चूक अशी साचत नाही; ती बहुतेक वेळा एकाच भिंतीवर, एकाच क्षणी झालेली ढोबळ चूक असते, आणि ती वाटून टाकली तर एका चुकीच्या भिंतीऐवजी सहाही भिंती थोड्या थोड्या चुकीच्या होतात. म्हणून फट दिसली की बटण न दाबता पुन्हा मोजपट्टी घेऊन बाहेर जाणे, हाच या कामातला खरा धडा मानला पाहिजे.

चुकांचे उगमही ओळखीचे असतात. १२ फूट १० इंच हे माप दशांश चौकटीत १२.१० असे टंकले की संगणक ते १२.१ फूट समजतो आणि जवळजवळ नऊ इंच भिंत नाहीशी होते. १२ फूट ६ इंचाचे १२.६ केले तर उलट सव्वा इंचाच्या आसपास वाढ होते. लेझर मीटरने वाचनाची चूक टळते. या उपकरणातून निघणाऱ्या प्रकाशाची तीव्रता अतिशय जलद गतीने कमी-जास्त होत असते आणि भिंतीवरून परतलेल्या प्रकाशलहरीची लय मूळ लयीच्या किती मागे पडली, यावरून अंतर काढले जाते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे मिलिमीटरपर्यंतची अचूकता नुसता जाण्यायेण्याचा वेळ मोजून गाठणे कठीण असते. लयीतला फरक मोजणे त्यामानाने सोपे. मात्र उपकरण तिरके धरले गेले तर माप नेहमी वाढीवच येते, कमी कधीच येत नाही: ४० फुटांवर ५ अंशांचा कल पावणेदोन इंचांहून अधिक वाढ देतो. शिवाय बाहेरून मोजताना घराच्या कोपऱ्यापाशी किरण अडवणारे काही नसते, भर उन्हात लाल ठिपका दिसत नाही, आणि मग दुसऱ्या माणसाला कोपऱ्यावर पाटी धरून उभे राहावे लागते.

रेघा आपोआप काटकोनात बसवण्याच्या सोयीचाही असाच दुहेरी परिणाम होतो. कोपरा एका अंशाने जरी फाकलेला असला तरी २० फुटांच्या भिंतीचे टोक चार इंचांहून अधिक सरकते, आणि सॉफ्टवेअर ते काटकोनात आणून बसवते तेव्हा तफावत दुसऱ्या कुठल्या तरी भिंतीत जाऊन लपते. गवंडी पाया आखताना तीन, चार, पाचचा त्रिकोण धरून काटकोन तपासतो, तसा कर्ण मोजण्याचा उपाय इथेही चालतो. वक्र भिंतीला काटकोन नसतो. तिथे कमानीची दोन टोके जोडणारी जीवा आणि तिच्या मध्यापासून कमानीचा फुगवटा एवढी दोनच मापे पुरतात. जीवा १२ फूट आणि फुगवटा २ फूट असेल, तर त्रिज्या बरोबर १० फूट येते आणि त्या फुगीर भागाचे क्षेत्रफळ १६ चौरस फुटांहून किंचित अधिक भरते.

एवढे सगळे जमले तरी कोणती जागा घरात धरायची, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर भूमितीत नसून संकेतात असते. अमेरिकेत यासाठी ‘ॲन्सी झेड ७६५’ हे मानक १९९६ पासून आहे; गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेने १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे येणाऱ्या मूल्यांकनांसाठी त्याची २०२१ ची आवृत्ती सक्तीची केली. स्वतंत्र घर बाहेरच्या भिंतीच्या पृष्ठभागावरून मोजायचे, गॅरेज धरायचे नाही, जमिनीखाली अंशतः जरी गेलेला मजला असला तरी तो वरच्या मजल्यांत मिसळायचा नाही, जिना ज्या मजल्यावरून खाली उतरतो त्या मजल्याच्या हिशेबात घालायचा, असे त्याचे नियम आहेत. उतरत्या छपराखालच्या खोलीचा नियम विशेष पाहण्याजोगा आहे: पाच फुटांहून कमी उंचीची जागा वगळायची, आणि उरलेल्या जागेच्या निदान निम्म्या भागात सात फूट उंची असली तरच ती मोजायची. २० फूट रुंद आणि ३० फूट लांब पोटमाळ्याचे छप्पर दोन्ही कडांना जमिनीपासून चढत मध्यभागी १० फुटांवर मिळत असेल, तर पाच फुटांवरची जागा १० फूट रुंद आणि सात फुटांवरची ६ फूट रुंद निघते, म्हणून ३०० चौरस फूट मान्य होतात. हीच मधली उंची ८ फूट असेल तर ते आकडे साडेसात आणि अडीच फूट असे होतात, निम्म्याची अट मोडते, आणि मान्य क्षेत्रफळ शून्यावर येते. जमीन तीच, लाकूडकाम तसेच, आणि छपराच्या दोन फुटांनी ३०० चौरस फूट गिळले; संकेत म्हटला की असे कडेलोट त्यात येणारच.

महाराष्ट्रात रेघ बाहेरून आत येते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील, म्हणजे रेरामधील, कार्पेट एरियाच्या व्याख्येत बाहेरच्या भिंतींनी व्यापलेली जागा, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, सदनिकेची बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली जाते, पण आतल्या पार्टिशनच्या भिंतींखालची जागा धरली जाते. नऊ इंची भिंतींचा ४० बाय ३० फुटांचा बंगला बाहेरून मोजला तर १२०० चौरस फूट भरतो आणि बाहेरच्या भिंतींच्या आतून सुमारे १०९७. फरकाचे १०३ चौरस फूट म्हणजे एक बऱ्यापैकी शयनगृह. तेच सॉफ्टवेअर, तेच सूत्र, तेच घर, आणि दोन उत्तरे, दोन्ही आपापल्या कायद्यात बरोबर. महारेराच्या नमुना करारात कार्पेट एरियातील फरकाला ३ टक्क्यांची मर्यादा आहे, हे लक्षात घेतले तर मोजणाऱ्याच्या इंचाची किंमत कळते: १० बाय १२ च्या खोलीत दोन्ही मापे एकेक इंचाने वाढीव घेतली, तर क्षेत्रफळ दीड टक्क्याने वाढते आणि निम्मी मर्यादा मोजपट्टीच खाऊन टाकते.

रेघ आधी ठरवावी लागते याची कबुली गावठाणांच्या ड्रोन मोजणीतही आहे. एप्रिल २०२० मध्ये देशभरासाठी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडण्यापूर्वी गावकऱ्यांच्या समक्ष मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखल्या जातात, कारण आकाशातून छपरे दिसतात. वळचणीखाली दडलेली भिंत आणि दोन घरांमधला हक्क दिसत नाही.

फोनमधल्या लायडारने, म्हणजे प्रकाशाच्या परतीवरून खोलीतल्या पृष्ठभागांची अंतरे टिपणाऱ्या संवेदकाने, शिकण्याची ही गरज संपेल असे अलीकडे वारंवार सुचवले जाते. २०२० च्या आयपॅड प्रोपासून हा संवेदक हाती आला, २०२२ मध्ये ॲपलने खोलीभर फोन फिरवून तिचा आराखडा तयार करणारी ‘रूमप्लॅन’ ही सोय ॲप बनवणाऱ्यांना दिली, आणि आतल्या खोल्यांची मांडणी टिपण्यात तिने कष्ट पुष्कळ वाचवले आहेत. आरसा आणि काच यांच्यापुढे हा संवेदक गोंधळतो, एका खोलीतून दुसरीत जाताना लहान लहान चुका साचतात, आणि मुख्य अडचण अशी की त्याला फक्त आतले पृष्ठभाग दिसतात. अमेरिकी मानकाला बाहेरची रेघ हवी असल्यामुळे भिंतीची जाडी दार किंवा खिडकीच्या चौकटीपाशी पट्टी धरून वेगळी मोजावी लागते आणि नकाशात मिळवावी लागते; आणि समोर विटांचा दर्शनी थर व उरलेल्या तीन बाजूंना फळ्यांचे आवरण असलेली घरे तिथे पुष्कळ असल्याने ते माप एका दारापाशी घेऊन भागत नाही.