घन स्तनांतील गाठीचा शोध

स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, म्हणजेच मॅमोग्राफीत, चरबी काळसर उमटते, तर दुग्धग्रंथी आणि त्यांना आधार देणारे तंतू पांढरे दिसतात. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसत असल्याने ज्या स्तनांत ग्रंथी व तंतूंचे प्रमाण अधिक असते, अशा ‘घन’ स्तनांत ती सहज दडून राहते. ही घनता हाताला जाणवत नाही, प्रतिमेतच कळते. तिच्यामुळे कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो, म्हणजे जिथे शोध अधिक बारकाईने घ्यायला हवा, नेमके तिथेच साधन तोकडे पडते.

फिल्मची जागा डिजिटल संवेदकाने घेतल्यावर काळ्या-पांढऱ्यातला फरक पडद्यावर हवा तसा वाढवता येऊ लागला. अमेरिका व कॅनडातील सुमारे ४९,५०० स्त्रियांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकंदर अचूकता सारखीच राहिली, तरी पन्नाशीच्या आतील आणि घन स्तनांच्या स्त्रियांत डिजिटल पद्धत सरस ठरली. पुढे टोमोसिंथेसिस आले. त्यात क्ष-किरण नळी दाबून धरलेल्या स्तनावरून कमानीसारखी फिरत निरनिराळ्या कोनांतून प्रतिमा टिपते आणि संगणक त्यांतून पातळ थर रचतो, त्यामुळे एका थरातील गाठीच्या काटेरी कडा वरखालच्या ऊतींच्या सावलीतून मोकळ्या होतात.

परंतु अतिघन स्तनांत एकाच थरात ग्रंथी आणि गाठ शेजारी शेजारी, सारख्याच पांढऱ्या असतात, आणि इथे केवळ सुस्पष्टता वाढवून भागत नाही. खरी वाट गाठीच्या रक्तपुरवठ्यातून सापडते. वाढत्या गाठीभोवती नव्या, पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या तयार होतात. हाताच्या शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त द्रव्य तिथे साचते. मग कमी व अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांनी दोन प्रतिमा घेऊन त्या एकमेकींतून वजा केल्या की ग्रंथींचा पांढरेपणा मावळतो आणि आयोडीन साचलेली जागा ठळक होते. ब्रिटनमध्ये नेहमीची मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या घन स्तनांच्या स्त्रियांवरील, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने दर हजार तपासण्यांमागे सुमारे १९ कर्करोग सापडले, तर स्वयंचलित सोनोग्राफीने सुमारे ४.

हे द्रव्य काहींना सोसत नाही, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांत सावधगिरी लागते, शिवाय निरुपद्रवी गाठीही कधी उजळतात आणि सुईने तुकडा काढून तपासण्याची वेळ येते. म्हणून ही तपासणी सरसकट न करता घनता पाहून निवडावी लागते, आणि त्यासाठी आपली घनता स्त्रीला आधी कळायला हवी. अमेरिकेत ती मॅमोग्राफीच्या अहवालासोबत कळवणे सप्टेंबर २०२४ पासून बंधनकारक आहे.